मंगळाचे चंद्र : 'पकडलेले' की तिथेच घडलेले?

मंगळाच्या दोन चंद्रांविषयी मराठीत काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'पकडलेले लघुग्रह', म्हणजे बाहेरून येऊन मंगळाच्या गुरुत्वाकर्षणात अडकलेले दगड, हे शब्द भेटतात. कधी 'बहुधा' लावून, कित्येकदा तेवढंही न लावता.

ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून आधी डिमॉस आणि काही दिवसांत फोबॉस सापडला. पुढे जवळजवळ शंभर वर्षं ते प्रकाशाचे ठिपकेच राहिले. ठिपक्यावरून कक्षा मोजता येते, रूप कळत नाही. ते दिसलं १९७१ मध्ये, मंगळाभोवती फिरू लागलेल्या पहिल्या यानाच्या छायाचित्रांत. वेडीवाकडी, खड्ड्यांनी भरलेली ढेकळं. थोरलं, म्हणजे फोबॉस, सुमारे २७ किलोमीटर लांब, धाकटं डिमॉस १५. दोन्ही इतकी काळी की पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ७ टक्के परत येतो. कार्बनयुक्त लघुग्रह असेच दिसतात आणि लघुग्रहांचा पट्टा तर मंगळाच्या शेजारीच. चेहरेपट्टीवरून नातं ठरलं.

कक्षेचं गणित मात्र या नात्याला कधीच राजी नव्हतं. बाहेरून येऊन अडकलेला दगड लांबट, तिरक्या कक्षेत फिरायला हवा. हे दोघे विषुववृत्ताच्या पातळीत, जवळपास वर्तुळात फिरतात. फोबॉसपुरती सोडवणूक शक्य आहे. तो मंगळाच्या पृष्ठभागापासून फक्त ६,००० किलोमीटरवर आहे, ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो आणि भरती-ओहोटीच्या ओढीने (समुद्र नसला तरी ग्रह आणि चंद्र एकमेकांना किंचित ताणतात, त्या ओढीने) शतकाला सुमारे १.८ मीटर खाली येतो. याच ओढीने त्याची कक्षा गोल झाली, असं म्हणता येईल. पण मंगळाच्या केंद्रापासून २३,५०० किलोमीटरवरच्या चिमुकल्या डिमॉसचं काय? त्याच्यावर ही ओढ इतकी क्षीण आहे की साडेचार अब्ज वर्षंही पुरली नसती. 'पकडलेले' म्हणताना डिमॉसची ही अडचण तळटीपेतसुद्धा येत नाही, हे मला खटकतं.

मंगळावर प्रचंड आघात झाला, उडालेल्या मलब्याचं कडं बनलं आणि त्यातून हे चंद्र जुळून आले, हा पर्याय म्हणूनच पुढे आला. फोबॉसची घनता पाण्याच्या दुपटीलाही पोचत नाही, म्हणजे आत पोकळ्या बऱ्याच. सैल मलब्याशी ते जुळतं. पण पुष्कळ लघुग्रहही असेच सैल असतात, तेव्हा एवढ्यावरून निकाल लागत नाही.

जुलै २०२० मध्ये मंगळयानाने फोबॉसचं छायाचित्र पाठवलं, तेव्हा आपल्याकडे पुन्हा कार्बनयुक्त द्रव्याचीच चर्चा झाली. त्याच यानाने २०१४ मध्ये डिमॉसची पलीकडची बाजू टिपली होती. बहुतेक यानं डिमॉसच्या कक्षेच्या आतच फिरतात, त्यांना ती दिसत नाही. त्या चित्राची दखल मात्र कमीच घेतली गेली. २०२३ मध्ये अमिरातीचं यान डिमॉसपासून साधारण १०० किलोमीटरवरून गेलं. त्याने घेतलेल्या वर्णपटांत, म्हणजे प्रकाशाच्या रंगवार विश्लेषणात, कार्बनयुक्त लघुग्रहापेक्षा मंगळाच्या बेसाल्टशी (लाव्हा थिजून बनलेल्या खडकाशी) साम्य अधिक आढळलं.

माती हातात आल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. १९८९ मध्ये फोबॉसजवळ पोचलेल्या सोव्हिएत यानाचा संपर्क तुटला. तिथली माती आणायला २०११ मध्ये निघालेलं रशियन यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं. आता आशा जपानच्या मोहिमेवर आहे. तिचं २०२४ चं उड्डाण लांबलं. फोबॉसवरून किमान १० ग्रॅम माती आणायचा बेत कायम आहे. त्या मातीतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण मंगळावरून आलेल्या उल्कापाषाणांशी ताडून पाहता येईल. ते जुळलं, तर चंद्र मंगळाच्याच मलब्यातून घडले या बाजूला बळ मिळेल.