भागाकाराने आलेला आकडा आणि ओळींनी आलेला आकडा: फरश्या नेमक्या किती लागतात?

बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीला ‘दोन बाय दोन’च्या किती फरश्या लागतील, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडून लगेच तीस हा आकडा निघतो. खोली १२० चौरस फूट, फरशी चार चौरस फूट, म्हणजे तीस. हा हिशेब शाळेतला आहे आणि गणित म्हणून त्यात काही चूक नाही. परंतु जमिनीचे क्षेत्रफळ किती फरश्यांएवढे आहे हे सांगणारा आकडा आणि ती जमीन झाकायला किती फरश्या हातात घ्याव्या लागतील हे सांगणारा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात सहसा पहिला आकडा सांगितला जातो, आणि काम मात्र दुसऱ्यावर चालते.

आधी एक लहान दुरुस्ती करू. ज्या फरशीला आपण दोन बाय दोन म्हणतो ती बहुधा ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. म्हणून एका फरशीचे क्षेत्रफळ ४ नव्हे, तर सुमारे ३.८७५ चौरस फूट भरते, आणि चार फरश्यांच्या बॉक्समध्ये १६ ऐवजी १५.५ चौरस फूट माल येतो. खोली मिलिमीटरमध्ये मोजली तर ३०४८ बाय ३६५८. त्यावरून भागाकार ३०.९७ येतो, म्हणजे तीसच्या जागी ३१. फरक एकाच फरशीचा असल्यामुळे तो डोळ्यांत भरत नाही, पण सबंध घराचा माल घेताना तोच तीन टक्क्यांच्या आसपास जातो.

आता ओळी मोजून पाहू. दोन फरश्यांमध्ये ३ मिलिमीटरचा सांधा धरला, तर दहा फुटांच्या बाजूला पाच अख्ख्या फरश्या ३०१२ मिलिमीटर जागा घेतात आणि ३६ मिलिमीटर उरतात. बारा फुटांच्या बाजूला सहा फरश्यांनंतर सुमारे ४३ मिलिमीटर उरतात. दाराकडून अख्ख्या फरश्यांनी सुरुवात करून हे उरलेले समोरच्या भिंतींकडे ढकलले, तर तीस अख्ख्या फरश्या आणि दोन भिंतींलगत जेमतेम दीड इंचाची पट्टी अशी मांडणी होते. एका फरशीतून अशा बऱ्याच पट्ट्या निघू शकतात, तरी इतकी अरुंद पट्टी कापताना तुटते, हे धरून दोन-तीन फरश्या जास्त ठेवाव्या लागतात. एकूण ३३ पर्यंत काम होते आणि भागाकाराचा आकडा फारसा खोटा ठरत नाही.

परंतु दीड इंचाची ती चिंधी डोळ्यांना कायम खुपते, म्हणून चांगला कारागीर सूत लावून फरश्या आधी कोरड्याच मांडून पाहतो आणि मांडणी मध्यावर आणतो. तसे केले की एका दिशेला चार अख्ख्या फरश्या आणि दोन्ही टोकांना सुमारे ३१६ मिलिमीटरचे तुकडे येतात. दुसऱ्या दिशेला पाच अख्ख्या आणि टोकांना सुमारे ३२० मिलिमीटरचे तुकडे येतात. खोली फार सुंदर दिसते. मात्र प्रत्येक तुकडा निम्म्या फरशीपेक्षा मोठा असल्यामुळे एका फरशीतून एकच तुकडा निघतो, आणि राहिलेला २८० मिलिमीटरचा भाग समोरच्या भिंतीला पुरत नाही. एका दिशेला सहा, दुसऱ्या दिशेला सात, म्हणजे ४२ फरश्या लागतात.

खोली तीच, फरशी तीच, क्षेत्रफळही तेच. तरीही एका मांडणीत ३३ आणि दुसरीत ४२. भागाकार या दोन मांडण्यांत भेद करू शकत नाही, कारण तुकडा कुठे पडतो हे क्षेत्रफळाला कळतच नाही. ‘दहा टक्के जास्त घ्या’ या नेहमीच्या सल्ल्याची मर्यादा इथेच दिसते. ३१ वर दहा टक्के म्हणजे ३५, बॉक्सच्या हिशेबाने नऊ बॉक्स, म्हणजे ३६ फरश्या. मध्यावरच्या मांडणीला त्या सहाने कमी पडतात. मग कामाच्या मधोमध पुन्हा दुकान गाठावे लागते, आणि नव्या बॉक्सवरचा बॅच व शेडचा क्रमांक वेगळा निघाला तर त्या सहा फरश्या जमिनीवर वेगळ्या उठून दिसतात. दहा टक्के हा तुटफुटीचा अंदाज आहे. मांडणीचा हिशेब त्यातून निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फरश्या तिरक्या बसवायच्या असतील तर कडेचे तुकडे आणखी वाढतात, आणि तिथे कागदावर मांडणी काढल्यावाचून माल सांगूच नये.

दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात अशीही खोली असते. ५४० बाय ४८० सेंटिमीटरच्या खोलीत दोन्ही बाजूंचा मसावि ६० आहे. सांधा सोडून दिला तर ओळींनी नऊ गुणिले आठ, म्हणजे ७२, आणि भागाकारानेही ७२. शाळेतली उदाहरणे बहुतेक अशीच निवडलेली असतात, म्हणून भागाकार नेहमीच पुरेल असा समज आपल्या मनात घट्ट बसतो. फरशी लहान असली तर हा फरक कमी होतो. आपल्याच खोलीत ३०० मिलिमीटरची फरशी मध्यावरून मांडली, तर भागाकाराने १२४ आणि ओळींनी १४३ येतात. म्हणजे सुमारे १५ टक्के वाढ, तर मोठ्या फरशीत ती ३५ टक्के होती. आता घरोघरी मोठ्या फरश्या बसवल्या जातात, त्यामुळे ओळी मोजण्याची गरज वाढली आहे.

मोजताना प्रत्येक भिंत दोन्ही टोकांना मोजावी, कारण खोली गुण्यात नसेल, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नसतील, तर एका टोकाला ३१६ चा तुकडा दुसऱ्या टोकाला ३०० च्या खाली जाऊ शकतो आणि सगळा हिशेब बदलतो.

स्कर्टिंगचा, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायच्या पट्टीचा हिशेब चौरस फुटांत होत नाही, तो रनिंग फुटांत, म्हणजे नुसत्या लांबीवर होतो. या खोलीचा घेर ४४ फूट. तीन फुटांचे दार वजा केले की ४१ फूट, म्हणजे ६०० मिलिमीटर लांबीच्या २१ पट्ट्या. मध्यावरच्या मांडणीत कोपरे सोडून कडेच्या १८ फरश्यांमधून २८० मिलिमीटर रुंदीचे तुकडे उरलेले असतात, आणि प्रत्येकातून चार इंची दोन पट्ट्या निघतात. म्हणजे ३६ पट्ट्या हाताशी असतात आणि स्कर्टिंगसाठी वेगळी फरशी घ्यावी लागत नाही. तीस-एकतीसच्या तुलनेत उधळपट्टी वाटणाऱ्या त्या ४२ फरश्यांपैकी बराच भाग असा भिंतीच्या पायथ्याशी कामी येतो. ४२ साठी अकरा बॉक्स लागतात आणि दोन फरश्या उरतात; तुटफुटीची भर म्हणून बारावा बॉक्स त्याच बॅचचा घ्यावा, आणि शेवटी जे उरेल ते माळ्यावर उभे ठेवावे, कारण पुढे नळाच्या दुरुस्तीसाठी जमीन फोडावी लागली तर त्याच शेडची फरशी तेवढीच आपल्याजवळ असेल.