गुठळी टिकवून धरणारे औषध

गुडघ्याचा सांधा बदलताना मांडीभोवती हवेने फुगवलेला पट्टा आवळलेला असतो. तो आवळलेला असेपर्यंत जखम जवळपास कोरडी दिसते. पट्टा सैल केला की कापलेल्या हाडातून आणि आजूबाजूच्या स्नायूंतून रक्त पाझरू लागते. मोठी रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधता येते, पण असंख्य बारीक तोंडांतून झिरपणाऱ्या रक्ताला टाका घालायचा तरी कुठे? अशा ठिकाणी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड कामाला येते.

हे औषध रक्त गोठवत नाही. गोठलेले रक्त विरघळू देत नाही, एवढेच त्याचे काम. गुठळीचा सांगाडा म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांची जाळी. ती तयार होताच शरीर ती मोडायच्याही तयारीला लागते. प्लास्मिनोजेन हे प्रथिन धाग्यांवरच्या लायसिनला, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकाला, धरून बसते, तिथे त्याचे प्लास्मिन होते आणि ते जाळी कुरतडते. शस्त्रक्रियेच्या जखमेत ही क्रिया फार वेग घेते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची ठेवण लायसिनसारखीच असते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे ते प्लास्मिनोजेनमधली लायसिनची जागा आधीच अडवते. मग प्लास्मिनोजेनला जाळीवर पकड मिळत नाही.

म्हणूनच वेळेला इतके महत्त्व आहे. विरघळून गेलेली गुठळी हे औषध परत आणू शकत नाही, त्यामुळे ते चीर देण्याआधी रक्तात पोचलेले बरे. प्रौढांना बहुधा १ ग्रॅम देतात. नेहमीच्या ५ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये ५०० मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन ॲम्प्यूल. ते शिरेतून १० मिनिटांत, सावकाश द्यायचे. घाईने ढकलले तर रक्तदाब कोसळू शकतो. औषध मूत्रपिंडांवाटे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडे अधू असतील तर मात्रा कमी करावी लागते.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पॉइझ-३ चाचणीत हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांचे ९,५३५ रुग्ण होते. त्यांना सुरुवातीला १ ग्रॅम आणि शेवटी १ ग्रॅम औषध किंवा नुसते सलाईन दिले गेले. गंभीर रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ९.१ टक्के, तर इतरांत ११.७ टक्के आढळला. नको तिथे गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येईल, ही भीती साहजिक आहे. अशा घटनांचे प्रमाण १४.२ आणि १३.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखे निघाले. पण धोका मुळीच वाढत नाही असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यातून मिळाला नाही. त्यामुळे नुकतीच पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्या रुग्णाचा विचार वेगळाच करावा लागतो.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत मात्रा बरीच मोठी असते आणि तिथे आकडीचा धोका दिसतो. मेंदूतल्या पेशींना आवर घालणाऱ्या ग्लायसिन आणि गाबा या रसायनांचे काम हे औषध अडवते. सगळ्यात भयंकर चूकही याच गुणधर्मामुळे जिवावर बेतते. मणक्यात भूल देण्याच्या औषधाची ॲम्प्यूल आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची ॲम्प्यूल कधी कधी इतक्या सारख्या दिसतात की एकीऐवजी दुसरी फोडली जाते आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मणक्यात टोचले जाते. मग पाठीत व पायांत तीव्र वेदना, झटके, हृदयाची बिघडलेली लय आणि अनेकदा मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल इशारा दिलेला आहे. दोन्ही औषधे एका ट्रेमध्ये ठेवूच नयेत, आणि सिरिंज भरण्याआधी ॲम्प्यूलवरचे नाव मोठ्याने वाचावे. यात कंटाळा करून चालतच नाही.

हे औषध १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने जगापुढे आणले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने होणारे मातामृत्यू थांबावेत, ही उताकोंची तळमळ होती. वीस हजारांवर स्त्रियांच्या चाचणीतून २०१७ मध्ये ते सिद्ध झाले: पहिल्या तीन तासांत औषध मिळालेल्या स्त्रियांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. उताको त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या ९८व्या वर्षी वारल्या होत्या.