लिंकनचं घर लिंकनपेक्षा धाकटं

अब्राहम लिंकनबद्दल आपल्याकडे शाळकरी पोरालाही दोन गोष्टी ठाऊक असतात: त्याने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आणि ओंडक्यांच्या खोपटात झालेला त्याचा जन्म. पत्र आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहे, पण लिंकनच्या उपलब्ध लेखनात ते सापडत नाही. जन्म मात्र खरा. तारीख १२ फेब्रुवारी १८०९, जागा केंटकी राज्यातल्या हॉजेन्व्हिलजवळचं एक शेत. राहता राहिलं खोपट. 'याच झोपडीत जन्मला' असं लिहून त्याचा फोटो दर फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर फिरतो, म्हणून हे लिहितो आहे.

फोटोतलं घर त्या शेतावर आहे हे खरं. ५६ पायऱ्या चढायच्या (लिंकन ५६ वर्षं जगला), वर देवळासारखी दगडी इमारत, आणि तिच्या पोटात हे एका खोलीचं घर. या इमारतीची कोनशिला १९०९ साली थिओडोर रूझवेल्टने बसवली, उद्घाटन १९११ साली टाफ्टने केलं. दोघेही आपापल्या वेळी राष्ट्राध्यक्ष. त्याआधी या ओंडक्यांनी बराच प्रवास केला होता. घर सुटं करून गावोगाव दाखवत नेलं होतं. १८९७ साली नॅशव्हिलच्या प्रदर्शनात तर लिंकनचा कट्टर विरोधक, यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याचं तथाकथित जन्मघरही त्याच्या जोडीला होतं. दोन्हींचे ओंडके एकत्र फिरले आणि मिसळले, असं म्हणतात. स्मारकाच्या दालनात घर मावेना, तेव्हा ते कापून लहानही केलं.

२००४ साली वृक्षवलयांच्या अभ्यासकांनी या ओंडक्यांचे नमुने तपासले. त्यात सर्वांत जुना निघाला तो १८४८ सालचा. तेव्हा लिंकन ३९ वर्षांचा होता आणि वॉशिंग्टनमध्ये खासदारकी करत होता!

हे साल कसं कळलं? 'वलयं मोजून' हे शाळेतलं उत्तर अर्धवट आहे. मोजल्यावर झाड किती वर्षं जगलं ते कळतं. कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, हे कळत नाही. त्यासाठी वलयांची रुंदी बघावी लागते. पाऊस बरा झाला की वलय रुंद, दुष्काळ पडला की अरुंद, आणि हे एका टापूतल्या एका जातीच्या बहुतेक झाडांत एकदमच घडतं. आपल्याकडची म्हातारी माणसं जन्मसाल सांगत नाहीत, 'बाहत्तरच्या दुष्काळात मी दहाएक वर्षांची होते' असं सांगतात. झाडंही तसंच सांगतात, फक्त एका दुष्काळाऐवजी शंभर वर्षांचा चढउतार सांगतात.

त्यातही ओक हे माझं आवडतं झाड. ओकच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या इतक्या रुंद असतात की हिवाळ्यातल्या गोठण्यामुळे त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्या कायमच्या निकामी होतात. त्यामुळे वसंतात पालवी पूर्ण फुटायच्या आत झाडाला नव्या नळ्यांची रांग घालावीच लागते, साल कितीही वाईट असो. ही रांग नुसत्या डोळ्यांना टाचणीने टोचल्यासारखी दिसते. तिच्या बाहेर उन्हाळ्यातलं दाट लाकूड. म्हणून ओकमध्ये एखादं वलय गाळलं जाणं विरळाच.

आता नमुना. पोकळ गिरमिटाने ओंडक्यातून कांडी काढतात, बारीक होत जाणाऱ्या पॉलिशपेपरने ती घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वलय मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. इथे एक अडचण येते. खोड जाड होत जातं तसं तेवढंच लाकूड मोठ्या घेरावर पसरतं, म्हणून वलयं वयाबरोबर आपोआप अरुंद होतात. त्याचा पावसाशी संबंध नाही. हा उतार काढून टाकायला मोजमापांमधून एक गुळगुळीत वक्र काढायचा आणि प्रत्येक रुंदीला त्या वक्रावरच्या किमतीने भागायचं. उरतो तो निर्देशांक, १ च्या वरखाली हलणारा. मग नमुन्याची ही मालिका त्या भागातल्या जिवंत झाडांपासून मागे जोडत नेलेल्या, म्हणून सालं ठाऊक असलेल्या मुख्य मालिकेवर एकेक वर्ष सरकवत न्यायची आणि प्रत्येक जागी सहसंबंध गुणांक (दोन मालिका किती जुळतात ते सांगणारा आकडा, तंतोतंत जुळल्या तर १) काढायचा. ५० वर्षांच्या तुकड्याला साधारण ०.३३ च्या वर गुणांक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात एक. पण तीनशे जागा तपासल्या तर योगायोगानेच दोनतीन जागी तो येईल! म्हणून लांब मालिका हवी, अनेक ओंडके हवेत, आणि शेवटी डोळ्यांनी खात्री करायची ती वेगळीच.

ओंडक्यावर झाडाची साल शिल्लक असेल तर शेवटचं वलय म्हणजे तोडीचं वर्ष. नुसती नळ्यांची रांग दिसली तर तोड वसंतातली, दाट लाकूडही पूर्ण असेल तर हिवाळ्यातली. कुऱ्हाडीने तासताना बाहेरची वलयं गेली असतील, तर 'या सालानंतर कधीतरी' एवढंच म्हणता येतं. वसाहतकरी ओलंच लाकूड तासत, कारण वाळलेला ओक कुऱ्हाडीला दाद देत नाही. त्यामुळे तोड आणि बांधकाम यांत फार अंतर नसे.

'सरळ कार्बन डेटिंग का नाही?' असं विचारणारे भेटतातच. चॅनेलवाल्यांच्या लेखी ते प्रत्येक वादावरचं रामबाण औषध. पण साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बन-१४ चं (ज्या किरणोत्सारी कार्बनवरून हे वय काढतात त्याचं) प्रमाण असं वरखाली झालं की एकाच मोजमापाला तीनचार वेगवेगळी उत्तरं मिळतात. १८०९ की १८४८, हा निवाडा त्याच्याने होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने ते घर हलवलेलं नाही. फक्त ते 'प्रतीकात्मक' असल्याचं तिथे सांगितलं जातं. आपल्याकडच्या 'पांडवकालीन' पाट्यांच्या मानाने हे बरंच म्हणायचं.

उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांची वलयं बेभरवशाची असतात, पण साग अपवाद. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या सागाची ५२३ वर्षांची मालिका जुळवून त्यातून जुन्या मोसमी दुष्काळांच्या खुणा वाचल्या आहेत. इकडे पुण्यात वाडे पडतात, सागवानी तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि तिथे चिरून दारंखिडक्या होतात. तुळई चिरण्याआधी टोकाची बोटभर चकती कापून ठेवायला करवतीची दोन मिनिटं लागतील. तुळया चौकोनी तासलेल्या असतात, तेव्हा तोडीचं नेमकं वर्ष बहुधा मिळणार नाही. आतल्या शंभरेक पावसाळ्यांची नोंद मात्र मिळू शकेल.