मॅग्नेशियमची घट्ट मिठी

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जाळलेली तुम्हाला आठवत असेल. आमच्या बाई ती फीत चिमट्यात धरून दिव्यावर नेण्याआधी एखाद्या मुलाच्या हातात द्यायच्या आणि पॉलिश पेपरने घासायला लावायच्या. करड्या, मळकट फितीवर चार हात फिरवले की खालून चकचकीत रुपेरी धातू निघायचा. मग ती पेटायची आणि डोळे दिपवणारा पांढराशुभ्र उजेड पडायचा. वर्गातल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला तो उजेड. घासण्याचं काम आम्हाला उगीचची कटकट वाटायचं.

आज मॅग्नेशियमच्या बॅटरीवर काम करणारे संशोधक नेमकं तेच घासण्याचं काम करतात. रबरी हातमोजे बसवलेली एक बंद पेटी असते. तिच्यात आरगॉन वायू भरलेला असतो आणि पाणी व ऑक्सिजन यांचं प्रमाण दशलक्षात एका भागाच्याही खाली ठेवलेलं असतं. त्या पेटीत हात घालून मॅग्नेशियमचा पातळ पत्रा ब्लेडने खरवडायचा, त्याची चकती कापायची आणि ती नाण्याएवढ्या सेलमध्ये बसवायची. एवढी काळजी घेऊनही पुष्कळदा सेल बंद झाल्यावर आतल्या आत करडा थर पुन्हा धरतो आणि बॅटरी मुकी होते. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या क्षेत्रातली केवढी तरी बुद्धी या एका थरापायी खर्ची पडली आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? लिथियमचा अणू बॅटरीत एक इलेक्ट्रॉन देतो, मॅग्नेशियमचा दोन. एक घन सेंटिमीटर मॅग्नेशियममध्ये सुमारे ३८३० मिलिअँपिअर-तास विद्युतभार मावतो. तेवढ्याच लिथियम धातूत २०६० च्या आसपास, आणि आपल्या फोनच्या बॅटरीत लिथियम ज्यात मुरवलेलं असतं त्या ग्रॅफाइटमध्ये जेमतेम ८००. वजनाच्या हिशेबात लिथियम पुढे आहे, हेही सांगायला हवं. एका ग्रॅममागे लिथियमचे ३८६०, मॅग्नेशियमचे २२०५. शिवाय लिथियमच्या तुलनेत मॅग्नेशियमकडून सुमारे ०.६७ व्होल्ट कमी मिळतात. पण जिथे जागेचा प्रश्न असतो तिथे मॅग्नेशियमचा पहिला आकडा मोह घालतो.

दुसरं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं ते मुख्यतः त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. हवेतली ओल ते ओढून घेतं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर मागे उरणारं पाणी कडू लागतं, त्यालाही मॅग्नेशियमचेच क्षार कारण. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. लिथियम ०.२ मिलिग्रॅमही भरत नाही. समुद्रातून हा धातू काढण्याचा कारखाना डाऊ केमिकल कंपनीने अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रीपोर्टला १९४१ मध्ये चालू केला. शिंपले भाजून केलेला चुना समुद्राच्या पाण्यात मिसळायचा, तळाशी बसलेलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड गोळा करायचं, त्याचं क्लोराइड करायचं आणि विजेने धातू वेगळा करायचा. तरीही मॅग्नेशियम मुबलक आहे म्हणजे परावलंबन संपलं, असं कुणी म्हणालं तर मी ते लगेच मान्य करणार नाही. धातू काढायला वीज, इंधन आणि कारखाने लागतात, आणि आज जगातला बहुतेक मॅग्नेशियम धातू चीनमध्ये बनतो.

आता मूळ अडचण. मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन टाकल्यावर उरणारा भारित अणू, लिथियमच्या आयनाहून किंचित लहानच आहे. त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६. पण त्याच्यावरचा धनभार दुप्पट. एवढ्याशा देहात एवढा भार असल्यामुळे तो ज्याला धरतो त्याला सोडायला तयार नसतो. ऑक्सिजन दिसला की मिठीच मारतो. बॅटरीतल्या तीन ठिकाणच्या तीन अडचणी या एकाच स्वभावातून निघतात. धातूच्या पृष्ठभागावर, मधल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे ज्यातून आयन ये-जा करतात त्या द्रवात, आणि समोरच्या कॅथोडमध्ये, म्हणजे आयन ज्यात शिरून बसतात त्या दुसऱ्या टोकाच्या पदार्थात. मॅग्नेशियम बॅटरी सुधारायची म्हणजे ही मिठी सैल करायची. गेल्या पस्तीस वर्षांतलं सगळं काम मला असंच दिसतं.

आधी पृष्ठभाग. थर लिथियमवरही धरतो. पण तो थर इलेक्ट्रॉनला अडवतो आणि लिथियमच्या आयनाला वाट देतो, त्यामुळे तो बॅटरीचा राखणदार ठरतो. मॅग्नेशियमवरचा थर इलेक्ट्रॉनलाही अडवतो आणि आयनालाही. लिथियम-आयन बॅटरीतले नेहमीचे कार्बोनेट द्रावक मॅग्नेशियमच्या शेजारी आणले की त्यांचं विघटन होऊन असाच थर बसतो. म्हणजे लिथियमची तयार घडी उचलून इथे बसवता येत नाही, सगळं नव्याने मांडावं लागतं.

वाट दाखवली ती सेंद्रिय रसायनशास्त्राने. फ्रान्सच्या व्हिक्टर ग्रिन्यार यांना ज्या मॅग्नेशियम संयुगांसाठी १९१२ चं नोबेल मिळालं, ती ईथरमध्ये विरघळवली तर धातूचं तोंड बंद होत नाही आणि त्यातून मॅग्नेशियम विजेने धातूच्या पत्र्यावर चढवता-उतरवता येतं. पण ही संयुगं पेट घेणारी, आणि व्होल्टेज थोडं वाढवलं की मोडणारी. १९९० मध्ये त्याच डाऊ केमिकलमधल्या टॉमस ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी ईथर कुळातल्या द्रावकात मॅग्नेशियमची बोरॉन असलेली सेंद्रिय संयुगं वापरली आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी मॅग्नेशियम बॅटरी शक्य आहे, हे दाखवून दिलं.

खरी उडी २००० सालची. इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठात डोरोन ऑरबाख यांच्या गटाने जो सेल केला तो २००० हून अधिक वेळा चार्ज-डिस्चार्ज झाला आणि त्याच्या क्षमतेतली घट १५ टक्क्यांच्या आत राहिली. त्यांचा कॅथोड मॉलिब्डेनम आणि गंधक यांच्या एका संयुगाचा होता. रोजे शेव्रेल या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाने ते कूळ ओळखलं जातं. गंधकाचे आठ अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि आत मॉलिब्डेनमच्या सहा अणूंचा जुडगा, अशी त्याची रचना. मॅग्नेशियमचा आयन आत शिरला की त्याच्याबरोबर आलेले दोन इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या माथी पडत नाहीत, सहाही जण मिळून उचलतात. पालखीला अनेक खांदे लागले की एकाच्याच खांद्याला रग लागत नाही, तसंच. भार असा वाटला गेल्यामुळे आयनाला एकाच जागी जखडून ठेवणारं कुणी उरत नाही आणि तो पुढे सरकतो. शिवाय ऑक्सिजनपेक्षा गंधकाशी त्याची मिठी मुळातच सैल असते.

एवढं असून ही बॅटरी बाजारात का आली नाही? तिचं व्होल्टेज सुमारे १.१. लिथियम-आयन सेल ३.६ च्या आसपास देतो. कॅथोडची क्षमताही एका ग्रॅममागे १२० मिलिअँपिअर-तासांच्या घरात. टिकाऊपणा सिद्ध झाला, पण साठवलेली ऊर्जा फारच कमी.

व्होल्टेज वाढवायचं तर इलेक्ट्रोलाइटही ते सोसणारं हवं. ऑरबाख यांच्या द्रवात क्लोराइड होतं. मॅग्नेशियमवर थर धरू न देण्यात त्या क्लोराइडचा मोठा हात असतो. पण तेच क्लोराइड व्होल्टेज चढलं की सेलच्या स्टीलच्या डबीलाही कुरतडायला लागतं. म्हणजे क्लोराइड काढावं तर थर धरतो, ठेवावं तर डबी सडते. या पेचातून बाहेर काढलं ते बोरॉनने. २०१५ मध्ये टोयोटाच्या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत राना मोहतादी यांच्या गटाने कार्बोरेनचं मॅग्नेशियम क्षार वापरलं. कार्बोरेन म्हणजे बोरॉन आणि कार्बनच्या अणूंचा बंद पिंजरा. त्याच्यावर ऋणभार इतका पसरलेला असतो की मॅग्नेशियमला त्याला घट्ट धरताच येत नाही. हा द्रव ३.८ व्होल्टपर्यंत टिकला आणि स्टीलला त्याने हात लावला नाही. २०१७ मध्ये जर्मनीत उल्म इथे झिरोंग झाओ-कार्गर आणि मॅक्सिमिलियन फिश्टनर यांच्या गटाने बोरॉनभोवती फ्लोरीनयुक्त गट बांधून दुसरं एक क्षार पुढे आणलं. ते बनवायला तुलनेने सोपं असल्यामुळे आज अनेक प्रयोगशाळांत वापरलं जातं.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक फेरीत चढवलेल्या धातूपैकी ९९ टक्के परत मिळाला, तर ऐकायला ते छान वाटतं. पण जास्तीचा धातू ठेवला नसेल तर १०० फेऱ्यांनंतर मूळच्या जेमतेम ३७ टक्केच उरतो. ९९.९ टक्के परत मिळाला तर ९० टक्के उरतो. दशांश चिन्हापुढच्या त्या एका आकड्यासाठी संशोधक महिनोन्‌महिने द्रव कोरडा करत बसतात, कारण द्रवातलं पाणी दशलक्षात काही भाग जरी राहिलं तरी तो आकडा घसरतो.

द्रवात फिरणारा आयन एकटा नसतो. त्याच्याभोवती द्रावकाच्या रेणूंमधले सहा ऑक्सिजन कडं करून असतात. सगळ्या गोतावळ्यासकट तो इलेक्ट्रोडच्या दारात येतो, पण आत जायचं तर एकट्यानेच. लिथियम आपला गोतावळा पटकन मागे सोडतं. मॅग्नेशियम सोडत नाही, आणि त्या ओढाताणीत कधी कधी द्रावकाचा किंवा क्षाराचा रेणूच फाटतो. त्याचे तुकडे धातूवर बसतात, आणि पुन्हा तोच थर. २०२१ मध्ये अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातल्या चुनशेंग वांग यांच्या गटाने यावर जो उपाय काढला तो मला फार आवडला. त्यांनी द्रवात अमाइन कुळातले असे रेणू घातले जे नायट्रोजनच्या बाजूने मॅग्नेशियमला धरतात आणि त्याच्याभोवतीचं कडं नव्याने रचतात. हे नवं कडं दारात सहज मोकळं होतं. त्यामुळे धातू चढवायला-उतरवायला लागणारं जादा व्होल्टेज कमी झालं आणि कॅथोडमध्ये शिरणंही सोपं झालं.

उलट दिशेनेही एक प्रयत्न झाला आहे. थर धरणारच असेल तर आपणच चांगला थर का देऊ नये? अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत चुनमेई बान यांच्या गटाने २०१८ मध्ये मॅग्नेशियमच्या कणांवर उष्णता देऊन घडवलेल्या एका पॉलिमरचं आणि मॅग्नेशियम क्षाराचं पातळ कवच चढवलं. हे कवच आयनाला वाट देतं आणि द्रावकाला लांब ठेवतं. त्यामुळे ज्या कार्बोनेट द्रावकांत मॅग्नेशियम एरवी लगेच मुकं होतं, त्यांतही ते चाललं.

सगळ्यात अवघड जागा अजूनही कॅथोडचीच आहे. जास्त व्होल्टेज देणारे ऑक्साइड घ्यावेत तर त्यांच्यातला ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून बसतो आणि आयन जागचा हलत नाही. व्हॅनेडियम ऑक्साइडच्या पदरांत थोडं पाणी असेल तर आयन बरा सरकतो, कारण पाण्याचे रेणू त्याच्या भाराला झाकून घेतात. पण तेच पाणी पलीकडच्या धातूचं वाटोळं करतं. काही प्रयोगांत तर मॅग्नेशियम म्हणून मोजलेली क्षमता प्रत्यक्षात पाण्यातून आलेल्या हायड्रोजन आयनांची होती, असं पुढे उघडकीला आलं. सल्फाइडमध्ये जरा मोकळं रान आहे. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नझार यांच्या गटाने २०१६ मध्ये टायटेनियम सल्फाइडच्या स्पिनेल नावाच्या स्फटिकरचनेतून शेव्रेलच्या कॅथोडपेक्षा बरीच जास्त क्षमता मिळवली, पण ६० अंश सेल्सिअसला. सेंद्रिय रेणूंचे कॅथोडही आहेत. त्यांची रचना मऊ, सैल असते, त्यामुळे आयन झपाझप आत-बाहेर करतो. ह्यूस्टन विद्यापीठातल्या यान याओ यांच्या गटाचं २०२० चं काम या बाबतीत लक्षवेधी आहे. अशा पुष्कळ रेणूंची खोड म्हणजे ते हळूहळू द्रवातच विरघळतात.

मॅग्नेशियमवर लिथियमसारखे सुईसारखे कोंब फुटत नाहीत, म्हणून ही बॅटरी आग लागण्यापासून सुरक्षित, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. हा दावा सरसकट खरा नाही. मॅग्नेशियम सपाट बसण्याकडे जास्त कललेलं असतं हे खरं, पण ठरावीक द्रवांत आणि जास्त प्रवाह दिला तर त्यालाही कोंब फुटल्याचं अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे. ईथर पेट घेतात, हेही विसरून चालणार नाही.

भारतात या विषयाची सुरुवात उशिरा झाली असं वाटत असेल तर एक नोंद सांगतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. गिरीश कुमार आणि एन. मुनिचंद्रय्या यांनी जेलसारख्या पॉलिमर इलेक्ट्रोलाइटमध्ये मॅग्नेशियमची ये-जा तपासली होती, ती १९९९ मध्ये. ऑरबाख यांच्या सेलच्या एक वर्ष आधी. आज त्याच संस्थेत मॅग्नेशियमला कमी अडवणारे कॅथोड संगणकावर हुडकण्याचं काम चालतं.

मॅग्नेशियम बॅटरीची बातमी वाचताना मी चार गोष्टी शोधतो. प्रयोग किती तापमानाला झाला? खोलीच्या तापमानाला की ५०-६० अंशांना? कॅथोडवर पदार्थाचा थर किती जाड होता, की नुसताच हात फिरवलेला होता? क्षमता मॅग्नेशियमचीच आहे याचा वेगळा पुरावा दिला आहे का? आणि चौथा प्रश्न पत्र्याचा. प्रयोगशाळेतल्या अनेक सेलमध्ये मॅग्नेशियमचा पत्रा गरजेपेक्षा कितीतरी पट जाड असतो. दर फेरीला थोडा धातू वाया गेला तरी खालून नवा मिळत राहतो आणि क्षमतेचा आलेख सरळ दिसतो. पत्रा पातळ करून तोच सेल चालवला, आणि तरीही आलेख सरळ राहिला, तर ती बातमी मी दोनदा वाचतो.