मे महिन्यात हात जड का होतात?

ताडोब्याचा खरा हंगाम एप्रिल-मे. जंगल वाळतं, उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ येतो आणि वाघामागं पर्यटक. चंद्रपूरचा पारा ४५ ओलांडतो तोही याच दिवसांत. मोहर्लीकडच्या रिसॉर्टांत तेव्हा खोल्या भरलेल्या, आणि मालकांची तक्रार ठरलेली: "डिसेंबरात चपळ असणारे पोट्टे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की ढिले पडतात."

आळसाचा इथं संबंध कमी. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर पडली नाही तर आतलं तापमान ३७ अंशांवरून चढू लागतं. मग मेंदू परस्परच हातांचा वेग उतरवतो. माणूस ठरवून हळू होत नाही.

ही उष्णता घालवण्याचं यंत्र विदर्भात घरोघरी आहे: कुलर. वाळ्यावरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, घामाचंही तेच. खिडकी बंद असली की कुलर चिकचिक करतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. रिसॉर्टचं स्वयंपाकघर म्हणजे अशीच बंद खोली. भाताची, भांडी धुण्याची वाफ हवेत साचते, घाम सुकायचा सोडून नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून बाहेर कोरड्या सावलीत ४४ अंश असताना आत ३८ अंशांतला आचारी जास्त लवकर थकू शकतो. भिंतीतला एक्झॉस्ट पंखा इथं सुपरवायझरच्या ओरडण्यापेक्षा जास्त काम काढून देईल, असं माझं मत.

घामाबरोबर पाणी जातं. वजनाच्या दोनेक टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष चुकू लागतं: ऑर्डर विसरते, बिलात गफलत होते. मीठ घातलेलं ताक आणि सावलीतली दहा मिनिटं म्हणजे कामाचा खाडा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१९ मध्ये अंदाज मांडला होता की २०३० पर्यंत जगातले २.२ टक्के कामाचे तास उष्णतेपायी वाया जातील.

शरीर उन्हाला सरावतं. घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो. पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेतलं काम २० टक्केच द्यावं, मग रोज २० टक्के वाढवावं. आपल्याकडे हंगामी पोट्टा एसटीतून उतरतो तो थेट तंदूरसमोर.