बुडण्याआधीची तहान

‘समुद्र वाढतोय म्हणता, मग बेटं मोठी कशी होताहेत?’ हा प्रश्न अलीकडे सारखा फिरतोय, आणि त्यामागची माहिती खोटी नाही. तुवालू या पॅसिफिकमधल्या देशाच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रं शास्त्रज्ञांनी ताडून पाहिली. एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. लाटा प्रवाळाचा चुरा फोडून किनाऱ्यावर आणून टाकतात, काही बेटं सरकतात, काही पसरतात. यावरून ‘हवामानबदलाचा बाऊ केला जातोय’ असा निष्कर्ष काढणारे एक साधी गोष्ट विसरतात. माणूस क्षेत्रफळावर जगत नाही, पाण्यावर जगतो. प्रवाळबेट समुद्रात बुडण्याच्या कितीतरी आधी तिथली विहीर मचूळ होते, आणि तिथून माणसाला उठावं लागतं.

हे का होतं, ते मार्शल बेटांच्या निमित्ताने सांगतो. हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्ये पसरलेला हा देश आहे. २९ कंकणद्वीपं (मध्ये उथळ समुद्र आणि भोवती कड्यासारखी प्रवाळाची बेटं) आणि ५ सुटी बेटं, सरासरी उंची दोनेक मीटर, लोकसंख्या सुमारे ४२ हजार. तिथे नदी नाही, ओढा नाही, डोंगरही नाही. राजधानी माजुरोला विमानतळाच्या धावपट्टीवर पडणारा पाऊस गोळा करून टाक्यांत साठवतात आणि तेच पाणी शहराला पुरवतात. बाकी भिस्त छपरावरच्या पागोळ्यांवर आणि विहिरींवर. चहूबाजूंनी खारा समुद्र असलेल्या, काही शे मीटर रुंदीच्या वाळूच्या पट्ट्यावर गोड्या पाण्याची विहीर लागते, हेच मुळात विलक्षण आहे.

पावसाचं पाणी वाळूतून खाली झिरपतं. खाली आधीच समुद्राचं पाणी भरलेलं असतं, कारण प्रवाळाचा दगड सच्छिद्र असतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. एक घनमीटर गोडं पाणी १,००० किलो भरतं, समुद्राचं साधारण १,०२५ किलो. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, मध्ये जाड आणि कडांना पातळ अशा भिंगाच्या आकारात. या थराला भूजलशास्त्रात गोड्या पाण्याचं भिंगच म्हणतात.

आता शाळेतली यू आकाराची नळी आठवा. एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. तळाशी दोन्हीकडचा दाब सारखा असला तरच पाणी स्थिर राहील. भिंगाचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या वर ‘उ’ इतका आहे आणि भिंग समुद्रसपाटीखाली ‘ख’ इतकं खोल गेलंय असं धरा. गोड्या बाजूचा दाब (उ + ख) × १,००० च्या प्रमाणात आणि खाऱ्या बाजूचा ख × १,०२५ च्या प्रमाणात. दोन्ही समान मांडले की १,००० उ = २५ ख, म्हणजे ख = ४० उ. समुद्रसपाटीच्या वर एक सेंटिमीटर गोडं पाणी असेल तर त्याच्याखाली चाळीस सेंटिमीटर गोडं पाणी असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हॉलंडमध्ये घायबेन यांनी आणि पुढे उत्तर समुद्रातल्या बेटांवर हर्झबर्ग यांनी हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. इतक्या साध्या समीकरणाने एवढ्या मोठ्या प्रदेशाचं भवितव्य ठरावं, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

कारण हे गणित उलटंही चालतं. विहिरीतून उपसा करून पाण्याची पातळी एक सेंटिमीटर खाली आणली, तर खालून खारं पाणी चाळीस सेंटिमीटर वर चढू पाहतं. पंपाच्या खाली खाऱ्या पाण्याचा शंकूच उभा राहतो. म्हणून अशा बेटांवर खोल बोअर मारणं घातक असतं. तिथे उथळ, आडव्या चरांतून वरवरचं पाणी हलक्या हाताने काढतात. आपल्याकडे अजूनही तळहातावर नारळ ठेवून किंवा बेचकी धरून पाणाड्या शेतभर फिरतो आणि लोक त्याच्या शब्दावर दोन-दोन लाखांची बोअर मारतात. प्रवाळबेटावर कुठेही खणलं तरी पाणी लागतं. ते किती उपसायचं, हे ठरवायला मात्र वरचं समीकरण समजून घ्यावं लागतं, आणि तिथे नारळ उपयोगी पडत नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या लोकांना विहिरीत खारं पाणी चढणं म्हणजे काय ते सांगायला नको. दगड वेगळा असला तरी दाबाचा नियम तोच.

प्रत्यक्षात भिंग चाळीसपट खोल क्वचितच असतं, आणि त्याचं कारण हिमयुगात दडलेलं आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हाची प्रवाळभिंत उघडी पडून हजारो वर्षं पावसात भिजली, विरघळली, तिच्यात भगदाडं पडली. बर्फ वितळून समुद्र परत चढला तेव्हा तिच्यावर नवा प्रवाळ आणि वाळू साचली. त्यामुळे आज साधारण १५ ते २५ मीटर खोलीवर एक सीमा सापडते. वरचा नवा थर पाणी सावकाश सोडतो, खालचा जुना थर मात्र इतका पोकळ आहे की समुद्राची भरती त्यातून थेट बेटाच्या पोटात शिरते. या सीमेला थर्बर विसंगती म्हणतात. गोडं पाणी तिच्याखाली गेलं की भरती-ओहोटीच्या घुसळणीत खाऱ्यात मिसळून जातं. म्हणजे भिंग खालून कापलेलंच असतं. जे काही पिण्याजोगं आहे ते वरच्या दहा-पंधरा मीटरात.

समुद्र चढला की भिंगही त्याच्यासोबत वर उचललं जातं. बेट उंच असतं तर बिघडलं नसतं. दोन मीटर उंचीच्या बेटावर मात्र भिंगाला वर सरकायला जागा नाही. ते जमिनीला टेकतं, खड्ड्यांतून उन्हात उडून जातं, आणि कडेने समुद्रात निसटतं. त्याहून वाईट म्हणजे बेटावरून वाहून जाणाऱ्या लाटा. वरून पडलेलं जड खारं पाणी भिंग भेदून खाली उतरतं. २००५ मध्ये पर्सी चक्रीवादळात कुक बेटांमधल्या पुकापुकाच्या भिंगावर असं पाणी गेलं, तेव्हा वरचं पाणी पुन्हा पिण्याजोगं व्हायला सुमारे ११ महिने लागले. मार्शलमधल्या रोई-नामूर बेटावर मोजमापं करून २०१८ मध्ये एका अमेरिकी गटाने निष्कर्ष काढला की या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक प्रवाळबेटांवर लाटा इतक्या वारंवार चढतील की भिंगाला सावरायला वेळच मिळणार नाही. तिथे बेट नकाशावर असेल, पण पाणी नसेल.

भिंत बांधून उपयोग नाही, कारण समुद्र खालून येतो. बेटाखाली काय आहे हे कसं कळलं, ते सांगायचं तर युद्धाचा विषय येतो.

मार्शल बेटांच्या भूगर्भाबद्दल आपल्याला इतकी माहिती आहे, याचं एक कारण अणुबाँब आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही बेटं जपानकडून घेतली. फेब्रुवारी १९४६ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याने बिकिनी या मार्शलमधल्या कंकणद्वीपावरच्या लोकांना, मानवजातीच्या भल्यासाठी आणि सगळी युद्धं संपवण्यासाठी बेट सोडा असं सांगितलं. १६७ माणसं उठली. १९४७ पासून हा प्रदेश संयुक्त राष्ट्रांच्या वतीने अमेरिकेकडे विश्वस्त म्हणून सोपवलेला होता. तिथल्या रहिवाशांची जमीन आणि साधनं राखणं हे कराराने अमेरिकेवर बंधनकारक होतं. त्याच अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात तिथे ६७ अणुस्फोट केले. त्यांची एकत्रित शक्ती बारा वर्षं रोज हिरोशिमासारखे दीडहून अधिक बाँब फोडल्याइतकी भरते. चाचण्यांच्या तयारीत एनेवेटाक या दुसऱ्या कंकणद्वीपावर सुमारे १,४०० मीटर खोल छिद्र पाडलं गेलं आणि तळाशी ज्वालामुखीचा बेसॉल्ट लागला. प्रवाळबेटं खचत जाणाऱ्या ज्वालामुखींवर वाढतात, हे डार्विनचं १८४२ मधलं अनुमान तिथे सिद्ध झालं. हे ज्ञान मोलाचं आहे. ज्यांच्या जमिनीतून ते मिळालं, त्यांना विचारलं गेलं नव्हतं.

१ मार्च १९५४ चा बिकिनीवरचा कॅसल ब्राव्हो हा स्फोट १५ मेगाटनांचा झाला, अपेक्षेच्या अडीचपट. बाँबच्या इंधनातल्या लिथियमचं जे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार) निष्क्रिय राहील असं धरलं होतं, तेही अभिक्रियेत उतरलं. दीडशे किलोमीटरवरच्या राँगेलापवर प्रवाळाची किरणोत्सारी राख बर्फासारखी पडली. मुलं त्या राखेत खेळली. दोन दिवसांनी तिथल्या लोकांना हलवण्यात आलं. महिन्याभरात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव सर्व देशांपुढे मांडला, आणि त्याच महिन्यात मार्शलच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. त्यानंतरही चार वर्षं स्फोट चालूच राहिले.

एनेवेटाकवरच्या रुनिट बेटावर १९५८ च्या ‘कॅक्टस’ स्फोटाने शंभर मीटरहून रुंद विवर पाडलं. १९७७ ते १९८० दरम्यान अमेरिकी सैनिकांनी आसपासची दूषित माती सिमेंटमध्ये कालवून त्या विवरात भरली आणि वर सुमारे ४६ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट बांधला. आतल्या प्लुटोनियम-२३९ चं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, २४,१०० वर्षं. विवराच्या तळाला मात्र कसलंही अस्तर नाही. खाली तोच सच्छिद्र प्रवाळ, आणि त्यातून रोज दोनदा चढणारी-उतरणारी भरती. घुमटाखालच्या भूजलाची पातळी समुद्राबरोबर वर-खाली होते. २०१९ मध्ये फिजीत बोलताना संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस या घुमटाला एक प्रकारची शवपेटी म्हणाले.

तेव्हापासून ‘घुमट फुटला की अख्खा पॅसिफिक विषारी होणार’ अशा चित्रफिती सुरू झाल्या. त्या चुकीच्या आहेत. प्लुटोनियम पाण्यात फारसं विरघळत नाही, ते गाळाच्या कणांना चिकटतं. आणि कंकणाच्या आतल्या उथळ समुद्राच्या तळाच्या गाळात आधीच पडून असलेलं प्लुटोनियम घुमटातल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. घुमट लगेच कोसळण्याची भीती नाही, असं अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०२० मध्ये सांगितलं. भौतिकशास्त्र म्हणून ते मला पटतं. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. घुमट फुटल्याने फारसा फरक पडणार नाही, कारण बाहेर आधीच जास्त विष मोकळं आहे, आणि ही गोष्ट दिलासा देणारी अजिबात नाही.

स्फोटांतून पसरलेल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ चा प्रश्न वेगळा. त्याचं अर्धआयुष्य सुमारे ३० वर्षं, आणि रासायनिकदृष्ट्या ते पोटॅशियमचा भाऊ. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम जवळजवळ नसतं, आणि सीझियमला धरून ठेवणारी चिकणमातीही नसते. म्हणून माडाची मुळं सीझियम ओढून घेतात आणि ते शहाळ्यात उतरतं. बिकिनीचे काही लोक १९७० च्या दशकात घरी परतले होते. नारळ खाल्ल्याने त्यांच्या शरीरातलं सीझियम वाढल्याचं दिसल्यावर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उठवलं गेलं. पोटॅशियम खत दिलं की झाडं सीझियम खूपच कमी घेतात, हे पुढे प्रयोगांनी दाखवलं. दुष्काळात जिथे पाण्याऐवजी शहाळं प्यायचं, तिथे शहाळंच संशयास्पद झालं, आणि चढत्या समुद्रापासून दूर सरकायला जी उत्तरेकडची बेटं होती, त्यांपैकी काही राहण्याजोगी उरली नाहीत.

न्यायाच्या बाजूला काय घडलं? भरपाईसाठी १५ कोटी डॉलरचा निधी ठरला आणि दावे ऐकायला न्यायाधिकरण नेमलं गेलं. त्या न्यायाधिकरणाने दोन अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. निधी संपला, बहुतेक रक्कम आजही थकलेली आहे. २०१४ मध्ये मार्शलने, अण्वस्त्रं नष्ट करण्याच्या वाटाघाटींचं कर्तव्य पाळलं नाही म्हणून, नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत यांच्याविरुद्धचे दावेच पुढे सरकले, आणि पक्षांमध्ये ‘वाद’ अस्तित्वात नाही या कारणाने २०१६ मध्ये तेही निकाली निघाले. भारताविरुद्धच्या दाव्यात नऊ विरुद्ध सात मतं पडली होती.

त्याच न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी, वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाच्या पुढाकाराने विचारलेल्या प्रश्नावर, एकमताने सल्ला दिला की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते न पाळणं हे आंतरराष्ट्रीय गैरकृत्य ठरू शकतं, आणि त्यातून भरपाई देण्याची वेळ येऊ शकते. प्रत्येक देशाचा एकूण उत्सर्जनातला वाटा, जुना आणि आजचा, शास्त्रीयदृष्ट्या ठरवता येतो, हेही न्यायालयाने मान्य केलं. अट एकच: कृती आणि नुकसान यांच्यात पुरेसा थेट आणि निश्चित कार्यकारणसंबंध दाखवायला हवा.

माझ्या मते हा संबंध विहिरीत दाखवता येईल. विहिरीत विद्युतवाहकता मोजणारा संवेदक सोडला की पाणी किती खारं झालं हे तासातासाला नोंदता येतं. शेजारी भरतीमापक आणि पर्जन्यमापक असेल, तर त्यातला किती खारेपणा उपशाचा, किती दुष्काळाचा आणि किती चढलेल्या समुद्राचा, हे वेगळं काढता येतं. ही साधनं फार महाग नाहीत, पण नोंदी वर्षानुवर्षं, खंड न पडता ठेवाव्या लागतात. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयापुढे श्रीमंत देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर बोट ठेवलं होतं. लक्षद्वीपची वस्ती असलेली दहा बेटं मार्शलसारखीच प्रवाळाची आहेत, तिथलं गोडं पाणीही अशाच भिंगात आहे, आणि कवरत्तीत २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारं संयंत्र चालवावं लागतंय. तिथल्या विहिरींच्या नोंदी आजपासून दर तासाला घेऊन सर्वांसाठी खुल्या ठेवणं भारताला सहज परवडेल, आणि त्या माजुरोच्या वकिलांनाही वापरता येतील.