द्वितीयपुरुषी निवेदन (नैराश्य व शोकाच्या कथासाहित्यातील)

पात्राला ‘मी’ किंवा ‘तो’ न म्हणता ‘तू’ अथवा ‘तुम्ही’ असे संबोधून कथा सांगण्याची पद्धत. मिशेल ब्यूतोर यांनी १९५७ मध्ये पॅरिस ते रोम अशा रेल्वेप्रवासाची कादंबरी ‘तुम्ही’ने सांगितली, तेव्हा या पद्धतीची विशेष चर्चा झाली. नैराश्य मांडण्यासाठी ती किती नेमकी आहे, हे मात्र जॉर्ज पेरेक यांच्या ‘झोपलेला माणूस’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या फ्रेंच कादंबरीने (१९६७) दाखवले.

तिचा नायक पंचवीस वर्षांचा विद्यार्थी आहे. परीक्षेच्या सकाळी गजर होतो आणि तो उठत नाही, एवढीच घटना. पुढे माळ्यावरची खोली, छताची भेग, गुलाबी टबात भिजत पडलेले मोजे. मित्र दार वाजवून निघून जातात. नायक स्वतःला ‘मी’ म्हणत नाही आणि त्याला ‘तू’ म्हणणारा कोण, तेही उघड होत नाही. नैराश्यात माणूस स्वतःपासून तुटतो. त्याच्या दिवसाचा हिशेब जणू दुसराच कोणी ठेवत असतो. ती फूट पेरेक वर्णन करून सांगत नाहीत, वाक्यरचनेतच ठेवतात. या कादंबरीवरील १९७४ च्या चित्रपटात पडद्यावरचा तरुण अवाक्षर बोलत नाही. त्याला ‘तू’ म्हणतो तो एका स्त्रीचा आवाज.

शोककथेत ‘तू’चे काम बदलते. जे मॅकइनर्नी यांच्या न्यूयॉर्कमधील कादंबरीत (१९८४) मोडलेला संसार आणि कोकेन यांच्याआड आईच्या मृत्यूचे दुःख शेवटापर्यंत दडलेले राहते. तिथे ‘तू’ ही पळवाट आहे. शिन क्यूंग-सुक यांच्या ‘आईला सांभाळा’ (२००८) या कोरियन कादंबरीत सोलच्या स्टेशनवर आई हरवते. मुलीला आणि नवऱ्याला ‘तू’ म्हणणारे निवेदन त्यांनी वर्षानुवर्षे केलेले दुर्लक्ष एकेक करून पुढे ठेवते, म्हणून ते आरोपासारखे ऐकू येते. हान कांग यांनी दक्षिण कोरियातील ग्वांगजू शहरातील १९८० च्या हत्याकांडावरील कादंबरीत (२०१४) मारल्या गेलेल्या मुलालाच ‘तू’ म्हटले आहे. तीस वर्षांनंतरही त्याची आई त्याच्याशी बोलते. या साऱ्यांत हा प्रकार सर्वांत अवघड, कारण उत्तर देणारा उरलेला नसतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ‘तू’ वाचकालाही लागू होतो, आणि स्वतः शोकात असलेल्या वाचकाला दुसऱ्याने आपल्या भावना ठरवणे जाचक वाटू शकते. पेरेक मोजे, भेग, गजर अशा वस्तूंवर नजर ठेवतात आणि भावनेचे नाव क्वचितच घेतात, त्यामुळे ही जबरदस्ती तिथे जाणवत नाही.